जागा न सोडणारं वादळ : बिग थॉम्पसन घळई, ३१ जुलै १९७६

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ग्रेट प्लेन्सचं विस्तीर्ण मैदान संपतं आणि रॉकी पर्वत एकदम सुरू होतो. डेन्व्हर, लव्हलँड, फोर्ट कॉलिन्स ही शहरं याच सीमेवर, दीड हजार मीटरच्या आसपास उंचीवर वसलेली आहेत. लव्हलँडपासून पश्चिमेला पन्नास किलोमीटरच्या आत चार हजार मीटरच्या पुढची शिखरं उभी आहेत. पर्वताच्या या पूर्वेकडच्या रांगेला फ्रंट रेंज म्हणतात. उन्हाळ्यात तिथे गडगडाटाचं कुणाला नवल वाटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तर बहुतेक दुपारी कुठल्या ना कुठल्या शिखरावर विजा चमकतच असतात.

या रोजच्या वादळांचा एक क्रम आहे, आणि त्या संध्याकाळी काय बिघडलं हे कळायला तो आधी पाहावा लागतो. सकाळी आकाश स्वच्छ असतं. उगवतीचं ऊन पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांवर आधी पडतं आणि उताराला लागून असलेली हवा तापते. तितक्याच उंचीवरची, पण मैदानाच्या वर अधांतरी असलेली हवा मात्र थंडच राहते. उतारावरची हलकी झालेली हवा वर सरकते आणि तिची जागा भरायला मैदानावरून वारा डोंगर चढू लागतो. दहा-अकरापर्यंत शिखरांवर पांढरे ढग दिसतात, एक-दोनपर्यंत ते काळवंडतात. म्हणून तिथले गिर्यारोहक पहाटेच्या अंधारात निघतात आणि बाराच्या आत माथा सोडून खाली झाडीत परततात. दुपारनंतर वरच्या थरांतला पश्चिमेचा वारा हे ढग डोंगरावरून मैदानाकडे ढकलतो. संध्याकाळी पायथ्याच्या शहरांवर सरी येतात, थोड्या गारा पडतात, सोसाट्याचा वारा सुटतो. रात्री मैदानातल्या कॅन्सस-नेब्रास्का राज्यांच्या बाजूला जमिनीपासून काहीशे मीटरवर दक्षिणेचा दमट वारा जोर धरतो आणि विखुरलेली वादळं तिथे एकत्र येऊन मोठी होतात. त्यामुळे डोंगरात पावसाची वेळ दुपारची असते, तर मैदानात बऱ्याच ठिकाणी ती मध्यरात्रीच्या आसपासची.

या सगळ्या क्रमात एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे वादळाचं पुढे सरकणं. एका गडगडाटी ढगात पाणी प्रचंड असतं, पण तो चालता असल्यामुळे ते लांबलचक पट्ट्यात वाटलं जातं आणि एकेका गावाच्या वाट्याला अर्ध्या तासाची सर येते. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी ही वाटणी झालीच नाही. चार तासांच्या आसपास काही ठिकाणी ३०० मिलिमीटरपर्यंत पाऊस एकाच घळईच्या डोक्यावर कोसळला आणि त्या रात्री १४४ माणसं गेली.

जागा आणि दिवस

बिग थॉम्पसन नदी रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात उगम पावते. एस्टेस पार्क हे पर्यटकांचं गाव तिच्या वरच्या भागात, साधारण २,३०० मीटरवर आहे. तिथे ऑलिंपस धरणाने अडवलेला लेक एस्टेस आहे. धरणाखाली नदी घळईत शिरते, चाळीसेक किलोमीटर वळणं घेत उतरते आणि लव्हलँडच्या पश्चिमेला मैदानात बाहेर पडते. एस्टेस पार्क ते लव्हलँड हा उतार पावणेआठशे मीटरचा. वाटेत ड्रेक नावाच्या वस्तीपाशी तिला उत्तरेकडून नॉर्थ फोर्क ही उपनदी मिळते, आणि त्या उपनदीवर ग्लेन हेवन हे छोटं गाव आहे. मुखाजवळ घळई इतकी अरुंद होते की दोन्ही बाजूंना ताशीव कडे आणि मधे फक्त नदी आणि रस्ता. उतारांवर ग्रॅनाइट आणि रूपांतरित खडक, वर मातीचा पातळ थर. पडलेलं पाणी मुरायला जागाच नाही.

महामार्ग ३४ या घळईतून नदीच्या अगदी कडेने जातो. त्याच्या दोन्ही अंगांना घरं, मोटेलं, उपाहारगृहं, तंबूंची मैदानं होती. नदी इतकी उथळ आणि निवांत असते की लोक तिच्या काठाला खेटून राहायला आवर्जून येत. तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, कोलोरॅडो राज्याला शंभर वर्षं पूर्ण होणार होती आणि सोमवारीही सुटी होती. त्या संध्याकाळी घळईत अडीच ते साडेतीन हजार माणसं असावीत, असा अंदाज नंतर बांधला गेला. त्यांतली पुष्कळ बाहेरून आलेली होती. त्यांना नदीचा स्वभाव माहीत नव्हता आणि घळईतून वर चढणाऱ्या वाटाही माहीत नव्हत्या.

या भागात वर्षभरात पाऊस पडतो तो साधारण ३५० ते ४०० मिलिमीटर. म्हणजे वर्षाच्या पावसातला बराच मोठा हिस्सा एका संध्याकाळीच पडला. आपल्याकडे भारतीय हवामान विभाग तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला की ढगफुटी म्हणतो. घळईतल्या ग्लेन कम्फर्ट या वस्तीच्या परिसरात साडेसात ते आठ चाळीस या सत्तर मिनिटांत १९० मिलिमीटरपर्यंत पडला. एका चौरस किलोमीटरवर १९० मिलिमीटर म्हणजे एकोणीस कोटी लिटर पाणी, आणि मुसळधार पावसाचं क्षेत्र एका चौरस किलोमीटरचं नव्हतं.

खाली पूर्वेचा वारा, वर शांतता

त्या दिवशी सकाळच्या नकाशावर कुणी घाबरावं असं काही दिसत नव्हतं. मैदानावर एक शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, दक्षिणेकडे सरकून रेंगाळली होती. दुपारनंतर ईशान्येकडून थंड हवेची आणखी एक लाट तिच्या मागून आली. कोलोरॅडोत जुलैमध्ये अशी लाट आली की सहसा दिलासा मिळतो, उकाडा कमी होतो. पण ही हवा थंड असली तरी कोरडी नव्हती. मैदानावर तिने भरपूर बाष्प गोळा केलं होतं. ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो दवबिंदू फ्रंट रेंजच्या पायथ्याशी उन्हाळ्यात साधारण पाच ते दहा अंश सेल्सिअसच्या आसपास असतो; त्या संध्याकाळी आघाडीमागच्या हवेत तो पंधरा अंशांच्या पुढे होता. दवबिंदूचे हे पाच-सात अंश वाचताना किरकोळ वाटतात. पण तितक्याने हवेत मावलेल्या बाष्पाचं प्रमाण जवळजवळ दीडपट होतं.

हा दमट थर पूर्वेच्या वाऱ्यासोबत जोरात डोंगराकडे निघाला. त्याच्या डोक्यावर उबदार हवेचं झाकण होतं, म्हणून मैदानावर तो वर उठू शकला नाही. वाटेत वादळं झाली असती तर बाष्प थोडं थोडं खर्च झालं असतं. तसं झालं नाही. सगळा साठा शाबूत राहून डोंगराच्या भिंतीशी आला आणि भिंतीने त्याला उचललं. एकदा झाकण फुटल्यावर संध्याकाळी सहाच्या सुमारास ढग झपाट्याने वाढले. त्यांचे माथे साठ हजार फुटांच्या, म्हणजे अठरा किलोमीटरच्या वर गेले.

इथवरची परिस्थिती जोरदार वादळाला पुरेशी आहे, महापुराला नाही. महापूर आला तो वरच्या थरांतल्या शांततेमुळे. त्या दिवशी कोलोरॅडोच्या वर उच्च दाबाची एक रांग होती आणि पाच-सहा किलोमीटर उंचीवर वारा अगदी मंद होता, तोही दक्षिण-आग्नेयेचा. रोज ढगांना मैदानाकडे ढकलणारा पश्चिमेचा वारा नव्हता. त्यामुळे वादळ जिथे जन्मलं तिथेच राहिलं. एक ढग रिता होऊन विरू लागे तोवर पूर्वेच्या कडेला, वारा भिंतीवर चढत होता तिथे, नवा ढग उभा राही, आत सरके आणि त्याच उतारांवर पडे. रहाटगाडग्याचे पोहरे जसे एकामागून एक येतात आणि एकाच पन्हाळीत रिते होतात, तसं हे चार तास चाललं.

हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅडॉक्स, फर्नांडो काराचेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वादळाचा पुढच्या दोन-तीन वर्षांत बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या विश्लेषणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग ढगाच्या आत काय घडलं याबद्दलचा आहे. फ्रंट रेंजवरच्या नेहमीच्या वादळाचा तळ उंच असतो आणि खाली कोरडी हवा असते. पावसाचा मोठा भाग पडता पडताच वाफ होऊन जातो. त्या बाष्पीभवनाने थंड झालेली हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. वादळाआधी जो गार वारा अंगावर येतो तो हाच. हा वारा वादळाच्या पायाखालची उबदार हवा तोडतो आणि वादळ स्वतःच्याच हाताने संपतं किंवा पुढे सरकतं. त्या संध्याकाळी खालची हवा आधीच इतकी दमट होती की बाष्पीभवनाला वावच नव्हता. ढगाचा तळ खाली आला होता. तळापासून गोठणबिंदूच्या पातळीपर्यंत ढगाचा जाड थर शून्याच्या वर होता, त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळून बर्फ न होताच मोठे होत होते. गारा फारशा पडल्या नाहीत. ढगात गेलेलं बहुतेक पाणी जमिनीवर आलं. उष्ण कटिबंधातल्या समुद्रकाठी असा पाऊस पडतो; समुद्रापासून दीड हजार किलोमीटर आत, कोरड्या डोंगरात त्याची कुणाला सवय नव्हती.

म्हणूनच मला वाटतं, उन्हाळी वादळाबद्दल पहिला प्रश्न ते किती उंच आहे किंवा किती कडाडतंय हा नसावा. ते चालतंय का, हा असावा. कडाडणारं, गारा फेकणारं वादळ पत्रे उडवतं, पिकं झोडपतं, गाड्यांच्या काचा फोडतं, पण निघून जातं. जागेवर बसलेलं वादळ पाण्याचा हिशोब एका नदीवर लादतं.

नदीत काय घडलं

एस्टेस पार्क गावात त्या संध्याकाळी पाऊस बेताचाच होता. मुसळधार पावसाचा पट्टा धरणाच्या खाली, घळईच्या वरच्या-मधल्या भागावर होता. धरण फुटल्याची अफवा त्या रात्री आणि नंतरही पसरली. धरणाला काहीही झालं नव्हतं. पण त्याचा उपयोगही नव्हता, कारण पाणी त्याच्या पुढे पडत होतं. अडवलेल्या नदीखाली राहणाऱ्या माणसाला एक सुरक्षितता वाटत असते. ती फक्त धरणाच्या वर पडणाऱ्या पावसापुरती खरी असते.

मुख्य नदीला फुगवटा येण्याआधी बाजूच्या घळी आणि एरवी कोरडे असणारे ओढे आले. त्यांनी दगडमाती रस्त्यावर आणून टाकली. मग सगळं पाणी तळाशी एकवटलं. ड्रेकपाशी नॉर्थ फोर्कचा पूर त्यात मिसळला. ड्रेकपासून घळईच्या मुखापर्यंतचं साडेबारा किलोमीटरचं अंतर पुराच्या शिखराने सुमारे अर्ध्या तासात कापलं, म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटर. रात्री नऊ चाळीसच्या सुमाराला मुखाशी सेकंदाला ८८० घनमीटरपेक्षा जास्त पाणी वाहत होतं. आधीच्या नोंदींतल्या सर्वांत मोठ्या पुराच्या हे सुमारे चौपट. काही अरुंद जागी पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा सहा मीटर उंच चढलं.

हे नुसतं पाणी नव्हतं. त्यात उन्मळलेली झाडं होती, मोटारी होत्या, लाकडी घरं होती, घरगुती गॅसच्या टाक्या होत्या आणि तळातून गडगडत येणारे प्रचंड धोंडे होते. मुखाशी कोलोरॅडो-बिग थॉम्पसन पाणीयोजनेची पावणेतीन मीटर व्यासाची भक्कम नळवाहिनी नदीवरून गेली होती. पुराने ती उखडली. चारशेहून अधिक घरं नाहीशी झाली, महामार्गाचे मोठे तुकडे उरलेच नाहीत. नुकसान साडेतीन कोटी डॉलरच्या वर गेलं. रविवारी उजाडल्यावर हेलिकॉप्टरनी घळईच्या कडांवर अडकलेल्या शेकडो लोकांना उचललं. काही मृतदेह कधीच सापडले नाहीत.

कोण वाचलं

कोलोरॅडो राज्य गस्तीदलाचे सार्जंट ह्यू पर्डी आणि एस्टेस पार्क पोलिसांतले मिशेल कॉन्ली हे दोघं घळईत फिरून लोकांना बाहेर पडायला सांगत होते. दोघंही त्यातच वाहून गेले. त्यांनी सावध केलेल्या माणसांपैकी बरीच जगली. सगळ्यांनी मात्र ऐकलं नाही, आणि त्यांना दोष देण्याआधी त्यांना काय दिसत होतं ते पाहायला हवं. घळईच्या खालच्या भागात पाऊस हलकाच होता. तिथे नदी नेहमीसारखी, वर थोडी गडगड, रस्त्यावर गाड्यांची ये-जा. अशा वेळी कुणी दार ठोठावून सांगितलं की आत्ता, या क्षणी सामान सोडून डोंगरावर चढा, तर विश्वास बसणं सोपं नाही. प्रत्येक जण आपल्या डोक्यावरचं आकाश पाहून ठरवत होता. नदीच्या काठी राहणाऱ्याला मात्र वीस किलोमीटर वरचं आकाश लागू होतं.

भूगोलाच्या अभ्यासक इव्ह ग्रुंटफेस्ट यांनी त्या रात्री लोकांनी नेमकं काय केलं याचा माग घेतला. १९७७ साली पूर्ण झालेलं त्यांचं काम या विषयातला पाया मानलं जातं. वाचलेल्यांच्या आणि गेलेल्यांच्या हालचाली शेजारी शेजारी ठेवल्यावर चित्र स्पष्ट झालं. जे पायी उतारावर चढले ते मोठ्या प्रमाणात वाचले. गाडी काढून पुराच्या पुढे पळायचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी अनेक जण गेले.

यावर थोडं थांबायला हवं, कारण गाडीचा निर्णय वरवर बरोबर वाटतो. पूर ताशी पंचवीस किलोमीटरने येतोय, गाडी ऐंशीने धावते, मग पळून का जाऊ नये? पण घळईतल्या रस्त्यावर हे गणित लागू पडत नाही. रस्ता नदीच्या पातळीला आहे, वळणावळणाचा आहे, रात्र आहे. पूर फक्त मागून येत नाही. बाजूच्या प्रत्येक घळीतून तो पुढेही उतरलेला असतो. पुढच्या वळणावर दरड आहे का हे कळत नाही, आणि एक गाडी अडकली की तिच्या मागच्या सगळ्या अडकतात. गाडी माणसाला धोक्याच्या पट्ट्यातच पुढे-मागे नेते. त्यातून बाहेर पडायची दिशा वर होती. बऱ्याच ठिकाणी वीस-पंचवीस फूट चढणं पुरेसं होतं. ओल्या निसरड्या खडकावर, अंधारात, लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन तेवढं चढणंही सोपं नव्हतं, हे खरं. तरी ते शक्य होतं.

गाडी सोडून द्यायची ही कल्पनाच मनाला पटत नाही. तिच्यात सामान असतं, ती कोरडी असते, ओळखीची असते. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत कठीण भाग हवामानाचा नाही, हा आहे.

इशारा वेळेत का पोचला नाही

या भागावर लक्ष ठेवणारं रडार मैदानावर लिमन इथे होतं, घळईपासून जवळजवळ १९० किलोमीटरवर. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी वाकते. इतक्या अंतरावर तो जमिनीपासून काही किलोमीटर वरून जातो. या वादळाचा सर्वांत दाट भाग खालीच होता. प्रतिध्वनीच्या ताकदीवरून पाऊस मोजायची तेव्हाची सूत्रंही गारांच्या वादळांवर बेतलेली होती, अशा गरम ढगाच्या पावसाला ती कमी लेखत. ढगाची उंची रडारवर दिसली, खाली किती पडतंय ते दिसलं नाही. डोंगरात आपोआप नोंद पाठवणारी पर्जन्यमापकं जवळपास नव्हतीच. नंतर पावसाचा नकाशा तयार करताना संशोधकांना बादल्या, डबे, उघड्यावर राहिलेल्या भांड्यांतलं पाणी मोजत फिरावं लागलं.

ज्यांना घळईत काय चाललंय हे डोळ्यांनी दिसत होतं त्यांच्याकडे ते बाहेर कळवायचा मार्ग राहिला नाही. रस्त्याबरोबर तारांचे खांबही गेले. ज्यांच्याकडे नकाशे होते त्यांना घळई दिसत नव्हती. आघाडीमागची दमट हवा, डोंगरावर चढणारा पूर्वेचा वारा, वरची शांतता, हे सुटे तुकडे हवामान कार्यालयांच्या हाती होते. पण ते तिन्ही एकाच नदीवर एकाच संध्याकाळी एकत्र आले तर काय होईल, हे त्या काळच्या रोजच्या कामाच्या पद्धतीत बसत नव्हतं.

आणि तरीही ते अगदीच नवं नव्हतं. चार वर्षांपूर्वी, ९ जून १९७२ च्या रात्री, साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सवर हेच घडलं होतं. मैदानातून चढणारा दमट पूर्वेचा वारा, वर मंद वारे, सहा तासांत काही जागी ३८० मिलिमीटर पाऊस, आणि रॅपिड सिटी शहरात २३८ मृत्यू. मॅडॉक्स यांनी नंतर दोन्ही घटनांचे नकाशे शेजारी ठेवून साम्य दाखवलं. रॅपिड सिटीने त्या पुरानंतर ओढ्याकाठची उद्ध्वस्त वस्ती पुन्हा उभी केली नाही. तो पट्टा बागा आणि मैदानांसाठी मोकळा ठेवला. बिग थॉम्पसनच्या काठीही पुराच्या मुख्य वाटेत पुन्हा बांधायला मनाई झाली, काही जमिनी सरकारने विकत घेतल्या.

त्यानंतर

आज कोलोरॅडोच्या घळयांतून जाताना रस्त्याच्या कडेला पाट्या दिसतात. त्यांवर पूर आल्यास उंच जागी चढा असं सांगितलेलं असतं आणि उतारावर चढणाऱ्या माणसाचं चित्र असतं. या पाट्या १९७६ नंतर लागल्या. इतक्या मोठ्या आपत्तीतून निघालेला इतका साधा उपाय मला दुसरा आठवत नाही. ती पाटी हवामान समजावत बसत नाही, जिथे निर्णय घ्यायचा तिथेच सांगते की गाडी सोड आणि चढ.

१९९० च्या दशकात देशभर पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही टिपणारी डॉप्लर रडारं बसली. तरी २८ जुलै १९९७ रोजी बिग थॉम्पसनपासून जवळच, फोर्ट कॉलिन्स शहरावर तशाच हवेत पाऊस थबकला. शहराच्या पश्चिम भागात त्या संध्याकाळी काही तासांत २५० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, स्प्रिंग क्रीक या छोट्या ओढ्याला पूर आला आणि पाच जण गेले. तिथून काही किलोमीटरवर पाऊस अगदी बेताचा होता. कोलोरॅडोचे हवामानतज्ज्ञ नोलन डोस्केन यांनी त्यावरून १९९८ मध्ये नागरिकांच्या पर्जन्यमापकांचं जाळं सुरू केलं. घराच्या अंगणात चार इंच व्यासाचं साधं प्लास्टिकचं नळकांडं, रोज सकाळी एक नोंद, आणि जोराचा पाऊस चालू असेल तर त्याच क्षणी कळवायची सोय. हे जाळं पुढे अख्ख्या अमेरिकेत आणि तिच्या बाहेरही पसरलं. रडारचा किरण ज्या थरावरून निघून जातो तिथे माणसाच्या अंगणातलं मोजमाप आजही हवामान कार्यालयांना उपयोगी पडतं.

सप्टेंबर २०१३ मध्ये बिग थॉम्पसनला पुन्हा महापूर आला आणि महामार्ग ३४ पुन्हा वाहून गेला. पण तो पाऊस आठवडाभर पडत राहिलेला, विस्तीर्ण भागावरचा होता. अंदाज, इशारे आणि हालचालींना वेळ मिळाला. घळईतली जीवितहानी १९७६ च्या तुलनेत फार थोडी होती. या तुलनेतून १९७६ सारख्या रात्रीची तयारी झाली असं मानणं धाडसाचं ठरेल. आठवड्याचा पाऊस आणि सत्तर मिनिटांचा पाऊस यांत नदी सारखीच वाढली तरी माणसाच्या हातातला वेळ सारखा नसतो.

२०२० च्या कॅमेरॉन पीक वणव्याने याच डोंगरांतली दोन लाख एकरांहून अधिक वनभूमी जाळली. त्यात बिग थॉम्पसनच्या काही उपनद्यांची पाणलोटंही होती. जळालेल्या उतारावर पालापाचोळा उरत नाही आणि मातीचा वरचा थर काही काळ पाणी आत घेत नाही. २० जुलै २०२१ रोजी शेजारच्या पूडर घळईत, ब्लॅक हॉलो भागात, अशाच उतारावर साध्या उन्हाळी वादळाचा पाऊस पडला आणि चिखल-लाकडांचा लोंढा खाली आला. चार जण गेले. १९७६ च्या पावसाच्या मानाने तो पाऊस फार लहान होता. जळालेल्या डोंगरांखाली वणव्यानंतरची काही वर्षं पूरसूचना देण्यासाठी तासाच्या पावसाची मर्यादा इतर घळयांपेक्षा खूपच खाली धरली जाते.